घटाच्या मातीपासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत: तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे सेन्सरी खेळ

ऑक्टोबर आला की पालकांच्या ग्रुपवर 'सेन्सरी किट कुठून मागवायचं' ही विचारणा सुरू होते. सेन्सरी किट म्हणजे स्पर्श, वास, आवाज अशा ज्ञानेंद्रियांच्या खेळांचा तयार डबा. डब्यात रंगीत वाळू, प्लास्टिकची फुलं, चमचमते मणी. अहो, ज्या घरात नवरात्र ते दिवाळी माती, झेंडू, तांदळाचं पीठ, पणत्या, उटणं आणि सोऱ्या असं सगळं आपोआप येतं, तिथे हे किट कशाला? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत पानं, बिया, शंख-शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूंवरच मुलांना शिकवलं. आपल्याला फक्त एवढंच ठरवायचं असतं की सणाच्या कामातला कोणता टप्पा मुलाच्या हातात द्यायचा, किती द्यायचा आणि काय अजिबात द्यायचं नाही.

आधी मांडणीचं बोलू, कारण खेळ बिघडतो तो बहुतेक वेळा मांडणीत. खाली जुनी चादर, तिच्यावर मोठी परात. परातीला काठ असतो म्हणून ती ट्रेपेक्षा बरी. साहित्य दोन वाट्या, फार तर तीन. किलोभर तांदूळ ओतले की मूल ते हाताने अनुभवत नाही, उधळतं. सोबत दोनच साधनं: एक पळी आणि एक वाटी, किंवा एक चाळणी आणि एक डबी. तीन वर्षांचं मूल दहा-पंधरा मिनिटं रमलं तरी खेळ जमला असं समजावं. कंटाळा दिसला की परात उचलायची आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा द्यायची. रोज नवीन काहीतरी हवं ही मोठ्यांची हौस आहे, मुलांना तेच ते चालतं.

घट

देवघरातल्या घटाला मुलांचे हात लागलेले आजीला चालतीलच असं नाही, म्हणून मुलाचा वेगळा घट करावा. तळाला भोकं असलेला पसरट डबा किंवा जुनी परडी घ्या. माती बागेतली घेत असाल तर आधी दोन दिवस कडक उन्हात पसरून ठेवा आणि काचा, खिळे, काटे नीट बघून काढा. पावसाळ्यानंतर उघड्यावरच्या मातीत काय काय असतं ते सांगायला नको. हाताला जखम असेल तर त्या दिवशी माती नको आणि खेळ झाल्यावर नखांसकट साबणाने हात धुवायचे.

खरा खेळ पेरण्यात नाही, माती चाळण्यात आहे. पिठाची जुनी चाळणी मुलाला द्या. बारीक माती खाली पडते, खडे वर राहतात, खडखड आवाज येतो. मुठीत दाबली तर ओल्या मातीचा गोळा होतो, कोरडीचा होत नाही. एवढ्यावर अर्धा तास जातो.

मग पेरणी. अर्धी वाटी गहू रात्रभर भिजवून घ्या. डब्यात दीड इंच माती, तिच्यावर गहू दाटीने पसरायचे, वर मातीचा अगदी पातळ थर, गहू जेमतेम झाकतील इतका. जाड थर दिला की कोंब उशिरा आणि विरळ येतात. पाणी घालायला स्प्रेची बाटली बहुतेकजण देतात, पण तिचा घोडा दाबायला तीन वर्षांच्या बोटांत जोर नसतो. साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा आणि ती उलटी धरून दाबायला द्या. सकाळ-संध्याकाळ थोडंथोडंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसते आणि 'बुरशी आली' म्हणून डबा टाकून दिला जातो. थोडं पाणी शिंपडून बघा. ती लव चिकटून दिसेनाशी झाली तर ते मुळांचे केस आहेत, सगळं ठीक आहे. लव तशीच राहिली, करडी दिसली आणि आंबूस वास आला तर मात्र बुरशी. तिचं कारण जवळपास नेहमी एकच, पाणी जास्त आणि तळाला निचरा नाही. दसऱ्यापर्यंत चार-पाच इंच वाढ होते. मग तळहात त्या कोंबांवरून फिरवायला द्या, कात्रीने वरचे शेंडे कापू द्या. एक छोटी वाटी कपाटात अंधारात ठेवली तर तिथले कोंब पिवळे आणि लांबुडके होतात. दोन्ही शेजारी ठेवले की समजावून सांगावं लागत नाही.

भोंडल्याची खिरापत

भोंडला, हादगा, भुलाबाई, जिथे जे असेल ते. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून झाला की डबा हलवून खिरापत ओळखायची, यापेक्षा चांगला सेन्सरी खेळ कुणाला सुचला असता? लहानांसाठी तो थोडा सोपा करायचा. एकसारख्या स्टीलच्या सहा छोट्या डब्या घ्या. दोनांत साबुदाणा, दोनांत चुरमुरे, दोनांत शेंगदाणे. झाकणांना चिकटपट्टी लावा, म्हणजे शेंगदाणा तोंडात जाणार नाही. डब्या हलवून जोड्या लावायच्या.

वासाचंही तसंच. चार वर्षांच्या मुलाला वास कळतो, नाव सांगता येत नाही, आणि 'हा कशाचा वास?' असं विचारलं की ते गप्प बसतं. म्हणून नाव विचारायचं नाही, जोडी शोधायला सांगायची. दोन वाट्यांत वेलचीची पूड, दोनांत ओवा, दोनांत किसलेली लिंबाची साल, वर पातळ मलमल आणि रबर. एका वेळी तीनच वास, जास्त झाले की नाक गोंधळतं. ओवा चिमटीत चोळूनच घाला, नाहीतर वास सुटत नाही. मिरपूड आणि तिखट यांच्या जवळपासही जाऊ नका.

दसऱ्यानंतरचा झेंडू आणि आपटा

हा खेळ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तोरण उतरलेलं असतं, आपट्याच्या पानांचा ढीग पडलेला असतो, त्यासाठी वेगळी फांदी ओरबाडायची गरज नाही.

झेंडू आधी पाण्यातून काढून झटकून घ्या. फवारणी असते, शिवाय आत बारीक किडेही असतात. पाकळ्या उपटणं हेच काम. मोठं फूल असेल तर देठाकडचा हिरवा पेला मधोमध फाडून द्या, मग पाकळ्या सहज सुटतात. प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक काळी काडी असते, ती मुलं स्वतःच शोधतात. पिवळ्या एका वाटीत, केशरी दुसऱ्या. मग परातीत दोन इंच पाणी, वर पाकळ्या, आणि हातात चहाची गाळणी. पाण्याचा खेळ चालू असताना तिथून उठायचं नाही. फोन आला तरी नाही. लहान मूल दोन-चार इंच पाण्यातही बुडू शकतं. खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाका. ठेवलं तर संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होऊन वास मारतं. एखाद्याच्या त्वचेला झेंडूचा रस चुरचुरतो. मनगटावर लाल दिसलं की हात धुवून थांबायचं.

आपट्याची पानं जाड आणि खरखरीत असतात, शिरा उठून दिसतात. पान पालथं ठेवून वर पातळ कागद आणि क्रेयॉन आडवा धरून घासायचा. क्रेयॉनचं टोक वापरलं तर कागद फाटतो. पानं वाळून चुरा होण्याआधी, म्हणजे एक-दोन दिवसांतच, हे करा. ओल्या फडक्यात गुंडाळली तर थोडी जास्त टिकतात.

याच सुमारास मुलं बाहेर हिंडून बिया गोळा करतात. इथे एक गोष्ट ठासून सांगते. लाल-काळी गुंज दिसायला कितीही गोड असली तरी ती अत्यंत विषारी आहे. चावून गिळली तर जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या नक्षीदार बिया तशाच. कण्हेर आणि धोतरा यांचं पान, फूल, फळ काहीच नको. घरातल्या कडधान्यांतला कच्चा राजमाही नको, तो तोंडात गेला तर पोट बिघडवतो. आणि ज्या मुलाला अजून सगळं तोंडात किंवा नाकात घालायची सवय आहे त्याला हरभरा, वाटाणा, शेंगदाणा उघडा द्यायचाच नाही. नाकात गेलेलं कडधान्य ओलाव्याने फुगतं. अशा वेळी चिमट्याने ओढू नका, पाणी घालू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.

कोजागिरी

दूध आटतंय तोवर पांढरा खेळ. दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर, एक वाटी पाणी. पाणी शेवटी चमच्याचमच्याने घाला. मूठ आवळली की गोळा घट्ट होतो आणि मूठ उघडली की बोटांतून ओघळतो. बोटाने टकटक केलं तर टणक, बोट हळूच सोडलं तर आत जातं. मोठी माणसंही तासभर हात काढत नाहीत. इथे फसतं ते दोन कारणांनी. एक तर घरातलं पिवळं मक्याचं पीठ घेतलं जातं. त्याने हे होत नाही, पांढरा स्टार्चच हवा. दुसरं, पाणी एकदम ओतलं जातं आणि ताकासारखं पातळ होतं. तसं झालं तर आणखी कॉर्नफ्लॉवर घाला. अर्ध्या तासाने तळाशी गच्च बसतं, तेव्हा हाताने उकरून ढवळायचं. बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये बसून नळी तुंबते. परात उन्हात ठेवा, वाळलं की झाडून टाका. कपड्यावरचंही वाळू द्या, झटकलं की जातं.

काही मुलांना असलं ओलं-चिकट हाताला लागलेलं सहन होत नाही. जबरदस्तीने हात बुडवायचा नाही. हेच मिश्रण झिपच्या पिशवीत भरून कडेला चिकटपट्टी लावा आणि वरून दाबू द्या. मग चमचा, मग एक बोट. आठवडा लागला तर लागू दे.

पणत्या, रांगोळी, कंदील

कोरी मातीची पणती पाण्याच्या बादलीत सोडली की काय होतं ते कान देऊन ऐकलंय? भाजलेल्या मातीच्या छिद्रांत पाणी शिरतं, आतली हवा बाहेर पडते आणि बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. बादलीजवळ कान नेला तर चुरचुर आवाज येतो. तेल कमी प्यावं म्हणून पणत्या तशाही चार-सहा तास भिजवतो, ते काम मुलाकडे द्या, एका वेळी एक पणती सोडायची. आधी कोरडी पणती जिभेला नव्हे, गालाला लावून बघायची, मग भिजलेली. एक खरखरीत, एक गार. रंगवायच्या असतील तर भिजवल्यावर एक दिवस कडक उन्हात वाळवा. ओल्या पणतीवर रंग धरत नाही. गेरूत पाणी घालून बोटाने लेप द्यायला सांगा, ब्रशपेक्षा ते बरं जमतं. हातावरचा गेरू साबणाने जातो, पांढऱ्या कपड्यावरचा जात नाही.

बाजारची रांगोळी या वयाला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती दगडाची बारीक पूड आहे, चिमटीतून सोडताना उडते आणि मुलाचं नाक परातीपासून वीतभरच असतं. रंग कोणते घातलेत तेही पाकिटावर क्वचितच लिहिलेलं असतं. गुलाल आणि कुंकू यांचंही तेच. त्याऐवजी जाड रवा किंवा तांदूळ रंगवा. दोन वाट्या तांदूळ, एक चमचा व्हिनेगर, खायच्या रंगाचे आठ-दहा थेंब, सगळं झिपच्या पिशवीत घालून दोन मिनिटं चोळायचं. चोळायचं काम अर्थातच मुलाचं. मग कागदावर पसरून दोन-तीन तास वाळवा. व्हिनेगरच्या जागी पाणी वापरलं तर तांदूळ चिकट होतात आणि रंग हाताला येतो. व्हिनेगरचा वास वाळल्यावर राहत नाही. रव्याला व्हिनेगर अर्धाच चमचा, नाहीतर गुठळ्या होतात. ठिपके जोडण्याची अपेक्षा ठेवू नका. मूठभर घेऊन सोडणं, बोटाने रेघ ओढणं, पुसणं, पुन्हा सोडणं, झाली रांगोळी. रंगीत मीठ इंटरनेटवर खूप दिसतं. मीठ ओरखड्यावर झोंबतं, डोळ्यात गेलं तर रडारड होते, आणि मुलाने मुठी भरून खाल्लं तर ते साधं प्रकरण नाही. मिठाच्या पिठाच्या पणत्याही याच कारणाने आवडत नाहीत, विशेषतः घरात कुत्रा असेल तर.

कंदिलासाठी खळ घरीच करा. पाव वाटी मैदा, सव्वा वाटी पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत शिजवा. अर्धपारदर्शक झाली की उतरवा, कोमट झाली की द्या. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. खळीत किडे होऊ नयेत म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या खळीत ते कधीही घालू नका, विषारी आहे. जिलेटीन पेपर हाताने फाडायचा म्हटला तर मुलांना फाटत नाही. आधी तुम्ही कडेला छोट्या चिरा देऊन ठेवा. चुरगळल्यावर त्याचा जो आवाज येतो तो ऐकण्यातच बराच वेळ जातो. मग लाल, पिवळा, निळा तुकडा खिडकीच्या काचेवर खळीने लावला की उन्हात जमिनीवर रंग पडतात.

फराळाच्या वेळी

गॅसजवळ मूल नको, हे आलंच. तळण सुरू व्हायच्या आधी किंवा दुसऱ्या खोलीत त्याच्यासाठी वेगळं सामान मांडा. सोऱ्या मुलांना कमालीचा आवडतो, पण कणीक भरून दिला की त्यांना दाबवत नाही आणि ती चिडतात. कणकेला ताण असतो, ती ढकलली तरी मागे येते. तांदळाची उकड घ्या: एक वाटी पाणी, चमचाभर तेल, उकळी आली की एक वाटी तांदळाचं पीठ, ढवळून पाच मिनिटं झाकण. मोठ्यांनी मळून कोमट झाली की द्यायची. गहू न चालणाऱ्या मुलांनाही ती चालते. चकती चकलीची किंवा जाड गाठीची लावा, बारीक शेवेच्या चकतीतून जोर लागतो. फिरवायच्या दांड्याचा सोऱ्या दाबायच्या सोऱ्यापेक्षा सोपा. पितळी असेल तर तो जड असतो, जमिनीवर बसूनच खेळायचं, नाहीतर पायावर पडतो. उकड गार झाली की चिरते, तेव्हा ओल्या हाताने पुन्हा मळा.

कणीक द्यायची ती लाटायला आणि कापायला. करंजीचं कातणं हातात आलं की मूल पोळीवर नागमोडी रेघा मारत बसतं. प्लास्टिकचं चाक असलेलं घ्या, पितळीची धार बोटाला लागते.

उटणं कालवायचं काम नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बाथरूममध्येच. दोन चमचे मसूर डाळीचं पीठ, पाव चमचा आंबेहळद, चिमूटभर वाळ्याची किंवा नागरमोथ्याची पूड, दुधात सैल. आधी कोरडं चोळून बघायचं, मग ओलं. कोपराच्या आत थोडं लावून अर्धा तास बघा, लाली आली नाही तरच अंगाला. डोळ्यांच्या आसपास नको.

किल्ला

किल्ला मोठ्या मुलांचा आणि धाकट्याने लांबून बघायचं, हा अन्याय घरोघरी होतो. धाकट्याला त्याचा स्वतःचा किल्ला द्या, पत्र्याच्या जुन्या ट्रेमध्ये, एक बादली मातीचा. आत चार-पाच दगड, वर चिखलात बुडवलेलं पोत्याचं फडकं. फडकं चिखलात बुडवून पिळणं हा या सगळ्या महिन्यातला सगळ्यात घाण आणि सगळ्यात चांगला खेळ आहे. नुसती काळी माती वापरली तर वाळताना आकसते आणि दोन दिवसांत किल्ल्याला भेगा पडतात. तीन वाटे मातीला एक वाटा बारीक वाळू मिसळा.

हिरवळीला अळीव. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरायचे. ओलाव्याने त्यांच्याभोवती चिकट थर येतो आणि ते उतारावरही धरून राहतात. मोहरी मात्र घरंगळून पायथ्याशी जमा होते. पहिले दोन दिवस वर ओला वर्तमानपत्राचा कागद ठेवा, चिमण्या-कबुतरांपासून वाचतात. पाणी तांब्याने ओतलं तर बिया वाहून जातात, भोकाच्या झाकणाची घटाची बाटली इथे पुन्हा उपयोगी पडते.

पेरताना एक चमचा अळीव बाजूला काढून अर्धी वाटी पाण्यात तासभर भिजवा. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत पिशवी तयार होते. चिमटीत धरला तर दाणा निसटतो, पुन्हा धरला तर पुन्हा निसटतो. थोडंसं तोंडात गेलं तरी बिघडत नाही, अळीव आपण लाडवात खातोच. पण कोरडे अळीव चमच्याने गिळायला देऊ नका, ते घशात फुगतात.

मावळे मांडणं सर्वांत शेवटी. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर बोटभर उंचीचे मावळे नकोत, वीतभर उंचीचे सैनिक चालतील किंवा बोरूचे लांब तुकडे.

आवाजाचा त्रास होणारी मुलं असतात. दिवाळीच्या आधी आठवडाभर फटाक्याचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून ऐकवा, बटण त्यांच्याच हातात द्या, रोज किंचित मोठा. पहिल्या आंघोळीच्या पहाटे कान झाकणारा हेडफोन उशाशी असू द्या. रात्री बाहेर फटाके वाजायला लागले की आतल्या खोलीत टॉर्च, उरलेले जिलेटीनचे तुकडे आणि रंगीत तांदळाची परात मांडायची. हे तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवले तर पुढच्या वर्षापर्यंतही टिकतात, मात्र डब्यावर 'खेळाचे' असं लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी भात लावायचा.